सरकारी भिंतीतली खिडकी

डिप्टीसाहेबांनी माझं सगळं वर्ष एका ओळीत निकालात काढलं. शाळेच्या व्हिजिट बुकात त्यांनी लिहिलं, ‘मागील रांगेतील टोल्यावरची मुले मंद आहेत. यंदा चौथीच्या परीक्षेस बसवू नयेत.’ खाली सही केली, पाटलांच्या घरी जेवले आणि रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून पुढच्या गावाला गेले. शाळा तपासायला त्यांना पाऊण तास लागला होता.

गाव कुरखेड्याच्या बाजूचं. जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. पहिली ते चौथी एका खोलीत भरायची आणि शिकवणारी मी एकटी. वय सत्तावीस, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. जिची बदली कुठेही करता येते अशी बाई खात्याला सोयीची असते, म्हणून मला जंगलात धाडलं होतं. मी तक्रार केली नव्हती. राहायला खोली होती, विहीर जवळ होती आणि कोणी उगाच सल्ले द्यायला येत नव्हतं.

गावात धान पिकवणारी शेतकरी घरं होती आणि नाल्यापलीकडे गोंडांचा टोला, वीसेक घरांचा. चौथीत सात मुलं होती, तीन गावातली आणि चार टोल्यावरची. त्या चारांत एक मुलगी. संपूर्ण टोल्यातून चौथीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी होती. ती रोज नाला ओलांडून यायची, कोपऱ्यात बसायची आणि काही विचारलं की माझ्याकडे एकटक बघत राहायची. खरं सांगायचं तर मीही तिला मंदच समजत होते. साहेबांनी माझ्याच मनातलं लिहिलं होतं. त्याचा मला राग आला, पण सुरुवातीला तो साहेबांवरच आला.

शाळेची इमारत चार वर्षांपूर्वीची. दगडी भिंती, आतून गुळगुळीत गिलावा, सिमेंटची फरशी, वर टिनाचं छप्पर. आसपासच्या गावांत तशी इमारत नव्हती. गावाला तिचा फार अभिमान. पूर्वेला दार, दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक खिडकी, आणि त्याच भिंतीवर दाराशेजारी फळा. खोली लांबलचक. नकाशात मागच्या पश्चिमेच्या भिंतीलाही दोन खिडक्या होत्या, पण त्या विटांनी बुजवलेल्या होत्या. बांधकामावर देखरेख पाटलांची होती. मागे जंगल लागतं, आणि इकडे जंगलाच्या बाजूला कोणी खिडकी ठेवत नाही. घर असंच बांधतात. पुढे ओसरी, मागे अंधारी खोली, आणि त्या अंधारात धानाची ढोली. अंधार असला की धानाला कीड कमी लागते आणि उन्हाळ्यात खोली गार राहते. पाटलांनी शाळासुद्धा चांगल्या घरासारखीच बांधून घेतली. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मुलंही त्यांनी धानासारखी मागच्या अंधारात नीट ठेवली, इतकंच.

मागे कोण बसायचं हे कोणी ठरवलं नव्हतं. गावातली मुलं दारातून आधी आत येत आणि पुढची टाटपट्टी धरत. टोल्यावरची मुलं लांबून येत, उशिरा येत आणि पाण्याच्या रांगेत उभं राहावं तशी मागे जाऊन बसत. मी आले तेव्हा हे असंच होतं, आणि मीही ते तसंच चालू दिलं.

साहेब गेल्यानंतर चार दिवसांनी त्या मुलीची आई शाळेत आली. उंच, हडकुळी बाई. डोक्यावर सूप पालथं धरलेलं, कारण ऊन होतं. शाळेत मंद ठरलेली पोरगी घरी न्यायला ती आली होती. मी शिकवत होते. मी तिला थांबायला सांगितलं, तशी ती मुलीजवळ कोपऱ्यात जाऊन बसली. तासभर बसली. मी तिसरीला भागाकार सांगितला, चौथीला नदीखोऱ्यं सांगितली, पहिलीकडून बाराखडी म्हणवून घेतली. सुटी झाल्यावर ती पुढे आली.

ती म्हणाली की पोरीला ती नेणार आहे. साहेब परीक्षेला बसवू नका म्हणतो, मग शाळेत ठेवून करायचं काय. मुलीची आत्या नदीपलीकडे राहते, तिच्याकडे गुरं राखायला माणूस नाही. परीक्षेला बसवत असाल तर पोरगी राहील, नाहीतर मोहफुलं वेचायच्या दिवसांआधी आत्याकडे जाईल. त्या गावाच्या जवळपास शाळा नव्हती, हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं.

मी म्हटलं, “तिला येत नाही, बाई. मी विचारते, ती बोलतच नाही.”

“येईन कसं?” ती म्हणाली. “मी बसली ना आत्ता. तुमचं बोलनं तिथी येतच नाई. नुसतं घुमते. मडक्यात तोंड घालून बोलावं तसं. अन् उजेड तं असा का तिथी बसून तांदूळ निवडले तं सारे खडे पोटात जातीन.”

मला ते आवडलं नाही. दोन वर्षं मी त्या खोलीत घसा फोडत होते. मी जरा तोऱ्यातच तिला म्हटलं की इतर मुलांना तर ऐकू येतं. ती म्हणाली, “पुढच्याइले येते. तुमी एकडाव मांगं बसून पाहा न.”

दुसऱ्या दिवशी मुलं येण्याआधी मी कोपऱ्यात जाऊन बसले. नंतर पुढे बसणाऱ्या एका मुलाला फळ्यापाशी उभं करून धडा वाचायला लावला. त्याचा आवाज खणखणीत, वाचणं स्वच्छ. माझ्यापर्यंत आला तो गोंगाट. एका शब्दाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर पडत होती. फळ्याकडे पाहिलं तर शेजारच्या दारातून येणारा उजेड सरळ डोळ्यांवर. फळा चकाकत होता आणि माझं स्वतःचं अक्षर मला वाचता येत नव्हतं. मांडीवरची पाटी तर काळ्यावर काळी. दोन वर्षांत एकदाही मला तिथे बसून बघायचं सुचलं नव्हतं. शिक्षक उभा असतो, आणि तोही खोलीतल्या सगळ्यात उजेडाच्या जागी.

नुसतं मला वाटून उपयोग नव्हता. साहेबांनी लिहिलेलं पुसायचं तर काहीतरी मोजून दाखवायला हवं होतं. मोजायची साधनं काय असतात ते मला माहीत नव्हतं आणि कोणी आणूनही दिली नसती. मग त्या बाईचंच बोलणं धरलं. मी टोल्यावर जाऊन तिचं सूप मागून आणलं. ते कशाला हवं तेही सांगितलं. ती हसली आणि ओंजळभर तांदूळही दिले.

तांदूळ निवडायला मुलामुलींना शिकवावं लागत नाही. मी ओंजळभर तांदळात धानाचे दहा दाणे मिसळायची, न सडलेले, टरफलासकट. मुलाने सूप मांडीवर घ्यायचं आणि मी शंभर मोजेपर्यंत जेवढे दाणे सापडतील तेवढे काढायचे. हात लावून ओळखायचं नाही, आधी बघायचं मग चिमटीत धरायचं. दारापाशी बसलेल्यांना दहाच्या दहा सापडत. मधल्या टाटपट्टीवर सहा-सात. कोपऱ्यात दोन, फार तर तीन. दुपारी चारनंतर तिथे एकही सापडेना.

ऐकण्यासाठी चिंचोके घेतले. मी फळ्याकडे तोंड करून एकेक आकडा म्हणायची, एक ते दहामधला. ज्याने जेवढा ऐकला तेवढे चिंचोके त्याने समोर मांडायचे. बोलायचं नाही, शेजाऱ्याकडे बघायचं नाही. आकडे पहिलीतल्या पोरालाही येत होते, त्यामुळे घरी कोण कोणती भाषा बोलतं याचा प्रश्न उरत नव्हता. पुढच्या रांगेत चूक नाही. मागे निम्मे ढीग चुकलेले.

मग मी मुलं बदलली. पाटलांचा मुलगा चौथीतच होता, वर्गातला पहिला. त्याला कोपऱ्यात बसवलं आणि त्या मुलीला त्याच्या जागेवर, दाराजवळ. सूप फिरलं. मुलीने दहाही दाणे काढले, माझे शंभर व्हायच्या आत. पाटलांच्या मुलाला दोन सापडले. चिंचोक्यांतही तो चार वेळा चुकला, आणि प्रत्येक वेळी आपलंच बरोबर आहे असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी हे आठ दिवस चालू ठेवलं. रोज वेगळी मुलं, वेगळ्या वेळा. वहीत खोलीचा नकाशा काढून प्रत्येक जागी आकडे लिहिले. मूल कोणतंही बसवा, आकडे जागेचेच राहत होते. माझ्या वर्गात मंद मुलं नव्हती, मंद कोपरा होता. एवढं कळायला मला दोन वर्षं आणि टोल्यावरची एक बाई लागली.

पाटलांच्या मुलाने घरी सांगितलं. त्याच संध्याकाळी पाटील शाळेत आले, छत्री टेकवत. तसे ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त गावातली प्रत्येक गोष्ट आपण केली असं त्यांना वाटायचं, आणि बरीचशी त्यांनी केलेलीही होती. त्यांचं म्हणणं असं की त्यांचा मुलगा शिकायला येतो, तांदूळ निवडायला नाही. त्यासाठी घरी बायका आहेत. आणि त्याला मागे टोल्यावरच्या पोरांत का बसवलं?

मी म्हटलं, “तुमच्या मुलाची नजर चांगली आहे ना, भाऊ?”

“म्हंजे? एकदम चांगली.”

मी वही उघडून त्यांना त्याच्या नावापुढचे आकडे दाखवले, दारापाशी दहा आणि कोपऱ्यात दोन. त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली. मग म्हणाले, “मंग त्याले दारापाशीच बसवा न, बाई. येवढं सोपं आहे.”

उजेडाची वाटणी त्यांना तेवढीच दिसत होती. मी सांगितलं की आजपासून जागा रोज फिरतील. आज पुढचा तो उद्या मागे. त्यांचा मुलगाही. पाटील म्हणाले की ते साहेबांना कळवतील. मी म्हटलं, मीही कळवणारच आहे. आणि खरंच मी वहीतला नकाशा उतरवून पत्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं दोन ओळींचं. शिक्षिकेने अध्यापनाकडे लक्ष द्यावे, पूर्वीचा शेरा कायम आहे.

जागा फिरवल्याने अन्याय वाटला गेला, पण संपला नाही. रोज कोणीतरी सात-आठ मुलं आंधळी-बहिरी होणारच होती. फक्त ती मुलं आता रोज वेगळी असत.

पुढचा धडा मला पाटलांनीच दिला, नकळत. मळणी झाली की दरवर्षी त्यांचं धान शाळेत पडायचं. त्यांच्या घरात जागा पुरायची नाही, आणि इमारत त्यांनीच बांधून घेतलेली, त्यामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता. मागच्या भिंतीला छतापर्यंत पोत्यांची थप्पी लागायची आणि मुलं पुढे दाटीवाटीने बसायची. आदल्या वर्षी मी भांडले होते. या वर्षीही भांडले. पोती आलीच. मी दात-ओठ खात शिकवायला उभी राहिले आणि पहिलं वाक्य बोलल्याबरोबर थांबले. माझा आवाज मलाच वेगळा लागला. कोरडा, स्वच्छ. घुमणं नाही. पोत्यांना पाठ टेकून बसलेल्या मुलांना विचारलं, तर पहिल्याच हाकेला उत्तरं आली. चिंचोके काढले. मागच्या रांगेत एक-दोन चुका, बाकी सगळे ढीग बरोबर.

त्या गुळगुळीत भिंती आणि ती फरशी आवाज परत फेकत होत्या. पोती तो गिळत होती. धानाचं पोतं म्हणजे एक जाड, मऊ, निमूट श्रोता. इतकी साधी गोष्ट. टोल्यावरच्या कुडाच्या, शेणामातीच्या घरात कोणी कधी मडक्यात बोलल्यासारखं बोलत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. अंधार त्यांच्याही घरात असतो, पण आवाज कोपऱ्यापर्यंत जातो.

ते पाच आठवडे माझ्या नोकरीतले सर्वांत चांगले. ती मुलगी बोलायला लागली. आधी एका शब्दात, मग वाक्यात, मग मी न विचारताही. तिचं गणित पाटलांच्या मुलापेक्षा पक्कं होतं. तोंडी हिशेबात ती कधीच बोटं मोजायची नाही. ती आधी बोलत का नव्हती तेही एकदा तिनेच सांगितलं. प्रश्न अर्धा ऐकू आला तर उत्तर द्यायचं नाही, चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसावं, असं तिच्या घरी शिकवलेलं होतं. गावातली मुलं अर्धा प्रश्न ऐकून काहीतरी ठोकून देत आणि हुशार ठरत.

माघात पोती गिरणीला जायला निघाली. बैलगाड्या दाराशी लागल्या. मी पाटलांना म्हटलं, पोती नेऊ नका.

ते गाडीपासून माझ्याकडे वळले. “दोन साल झाले, हटवा हटवा म्हनून डोकं खाल्लं तुमी माहं. आता नेऊन राह्यलो तं ठेवा म्हनता. बाई, तब्येत बरी आहे ना?”

मी त्यांना कारण सांगितलं. गाडीवान हसायला लागले. पाटील हसले नाहीत. दाराबाहेर उभे राहून त्यांनी मला आत काहीतरी बोलायला लावलं, मग मागच्या टोकाला जाऊन पुन्हा बोलायला लावलं. अर्धी पोती गेल्यावर पुन्हा. सगळी गेल्यावर पुन्हा. शेवटच्या वेळी त्यांनी टाळी वाजवली आणि ती टाळी छपराखाली गरगरत राहिली. धान ठेवता येणार नाही, ते म्हणाले, पण फाटका बारदाना घरी पडून आहे, तो न्या. इतकं त्यांनी केलं. ते मी विसरलेली नाही.

बारदाना टोल्यावर गेला. बायकांनी ठिगळं लावली, तणस म्हणजे धानाचा पेंढा ठासून भरला आणि डोक्यावरून पोती नाल्याअलीकडे आणली. मागच्या भिंतीला पुन्हा थप्पी लागली, धानाऐवजी तणसाची. आवाज जवळजवळ तसाच झाला. राहिला होता उजेड. परीक्षेचे अर्ज पाठवायला दहा दिवस उरले होते. टोल्यावरच्या चौघांचेही अर्ज मी भरले होते, साहेबांचा शेरा असूनही. ते कळलं की साहेब येणार हे नक्की होतं, आणि ते आले की मुलांना त्याच कोपऱ्यात बसवून तपासणार.

रविवारी मी बुजवलेल्या खिडक्यांपुढची पोती बाजूला सरकवली आणि मुलीच्या बापाला सब्बल, म्हणजे पहार, घेऊन बोलावलं. तो कमी बोलणारा माणूस. त्याने विचारलं, सरकारी भिंत आहे, हुकूम कोणाचा? मी सांगितलं, माझा. त्याने आधी भिंतीबाहेर जंगलाच्या बाजूला चिमूटभर तांदूळ ठेवले, काहीतरी पुटपुटला, आणि मग सब्बल घातली. बुजवलेल्या विटा सुटायला तासभरही लागला नाही. चौकट नव्हती, गज नव्हते. दोन चौकोनी भोकं आणि पलीकडे सागाची झाडं.

पाटील धावत आले. बारदाना दिला म्हणून मी डोक्यावर बसले, असं त्यांना वाटलं असावं. जंगलाकडची खिडकी कोणी उघडतं का, वाघ आला तर, अस्वल आलं तर, पोरांचं लक्ष बाहेर गेलं तर.

मी म्हटलं, “वाघ अकरा ते पाचमध्ये येत नाही, भाऊ. शाळा तेव्हाच भरते. आणि पोरांचं लक्ष आधीही इथे नव्हतं.”

“साहेब तुमची नोकरी खाईन.”

“खाऊ द्या. खिडकी तर खाणार नाहीत.”

गज बसेपर्यंत शाळा सुटली की भोकांना बांबूच्या ताट्या लावायचं मी कबूल केलं. उन्हाच्या वेळी थोडा भाग झाकायलाही त्या उपयोगी पडल्या, कारण दुपारनंतर पश्चिमेचं ऊन फार येत असे. फळाही मी हलवला. दाराशेजारून काढून बाजूच्या भिंतीला लावला, आणि कोळसा वाटून पुन्हा काळा केला. सूप फिरवलं. कोपऱ्यात नऊ.

गावातून खबर गेली असावी; साहेब सहाव्या दिवशी आले. रेंगीतून उतरतानाच त्यांचा आवाज चढलेला होता. शेरा असताना अर्ज भरले, सरकारी इमारत फोडली, शाळेत तणस भरलं. त्यांनी एकेक गुन्हा वाचून दाखवला आणि मी प्रत्येकाला हो म्हटलं. दाराबाहेर पाटील होते, आणि टोल्यावरची पाच-सहा माणसं, कारण नाल्यावरून रेंगी जाताना त्यांनी पाहिली होती. मुलीची आई त्यांत होती.

रेंगी दिसल्याचं कळताच मी ताट्या लावून ठेवल्या होत्या. खोली पूर्वीसारखी अंधारी होती. मी साहेबांना म्हटलं, कोपऱ्यात टाटपट्टीवर बसा. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. मी सूप त्यांच्यासमोर धरलं.

“दहा दाणे आहेत. शंभर मोजते. तुम्हाला पाच सापडले तर चारही अर्ज मी तुमच्यासमोर फाडते.”

“मी इथे तांदूळ निवडायला आलेलो नाही.”

“मुलंही नव्हती आली. तरी तुम्ही त्यांना इथेच बसवून तपासलंत.”

बाहेरून मुलीच्या आईचा आवाज आला, “बसा न साहेब. पोराइचं काम आहे, सोपं आहे.” कोणीतरी हसलं. पाटीलही हसले असं मला वाटलं, पण मी शपथ घेणार नाही.

साहेब बसले. चांगल्या धोतराने, फरशीवर. चष्मा पुसला. मी सावकाश मोजलं, अगदी प्रामाणिकपणे. ते सूप वर धरत होते, तिरकं करत होते, दाराकडे वळवत होते. शंभर झाले तेव्हा त्यांच्या तळव्यावर तीन दाणे होते, आणि त्यातला एक खडा निघाला. मी जाऊन ताट्या काढल्या. उजेड सरळ सुपात पडला आणि उरलेले दाणे तिथेच होते, बिचारे, कोणालाही दिसतील असे. साहेबांनी ते एकेक करून काढले. कोणी सांगितलं नव्हतं. हातातलं काम अर्धं टाकणारे ते नव्हते, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मग त्यांनी पुढे जाऊन, फळ्याजवळून, मागे बसलेल्या टोल्यावरच्या चौघांना पाच-पाच गणितं घातली. मुद्दाम हळू आवाजात. मुलीने पाचही उत्तरं दिली. शेवटच्या वेळी ती म्हणाली, साहेब, हा प्रश्न तुम्ही आत्ताच विचारला, फक्त आंब्यांच्या जागी पेरू घातले. साहेबांनी व्हिजिट बुक मागवलं.

शेरा त्यांनी खोडला नाही. असे लोक लिहिलेलं खोडत नाहीत. त्याखाली नवी ओळ घातली की अर्ज शिक्षिकेच्या जबाबदारीवर पुढे पाठवावेत, आणि सरकारी भिंतीस भोके पाडल्याबद्दल तिचा लेखी खुलासा घ्यावा. मी म्हटलं, जबाबदारी माझीच आहे, आणि खुलासा आत्ताच देते. त्यांच्याच दौतीतून एक ओळ लिहिली, ‘खिडक्या मूळ नकाशात होत्या, त्या परत उघडल्या.’ त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या दिवशी ते पाटलांकडे जेवले नाहीत.

परीक्षा कुरखेड्याला झाली. सातही मुलांना मी बैलगाडीतून नेलं. निकाल लागला तेव्हा मोह वेचायचे दिवस संपत आले होते. टोल्यावरचे तिघे पास, एक नापास. तो खिडकीच्या भर उजेडात बसून, सगळं नीट ऐकून नापास झाला. ते त्याचं स्वतःचं नापास होणं होतं, आणि तेवढा हक्क प्रत्येक मुलाला असावा. पाटलांचा मुलगा पास झाला. मुलगी त्याच्या वर होती. पाटलांनी तेही मला एकदा बोलून दाखवलं, जणू मी मुद्दाम केलं.

माझ्या सर्व्हिस बुकात शासकीय मालमत्तेचं नुकसान केल्याची नोंद झाली. जूनमध्ये अहेरीच्या बाजूला बदलीचा हुकूम आला, आणखी आतल्या जंगलात. मी कोणालाही भेटायला गेले नाही, विनंती अर्ज केला नाही. त्या नोंदीमुळे माझी बढती दोनदा अडली. नोंद खरी होती. भिंत मीच फोडली होती.

सामान बांधत होते तेव्हा मुलीची आई आली. मला वाटलं, निरोप द्यायला आली. ती म्हणाली, पोरीला आत्याकडे धाडत नाही, कुरखेड्याला पाचवीत घालायचं बापाने कबूल केलं आहे. हे तिने उभ्याउभ्याच सांगितलं. मग माझ्या सामानाकडे बघायला लागली.

“माहं सूप कुठी आहे?”

ते मी शाळेच्या वस्तूंबरोबर पेटीत बांधलं होतं. सात महिने शाळेत असल्याने ते शाळेचंच आहे असं मला वाटायला लागलं होतं. मी म्हटलं, पुढच्या शाळेतही लागेल मला.

“पुढच्या शाळेच्या गावात बायका नाई का? त्याइले मागा,” ती म्हणाली. “मले धान पाखडाचं आहे.”

मी पेटी सोडली आणि सूप तिला दिलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, एका बाजूला कड उसवली होती त्यावरून बोट फिरवलं, मला बोल लावला, आणि डोक्यावर पालथं धरून उन्हातून निघून गेली.

अहेरीकडच्या शाळेत पोचल्यावर मी हजेरीपट मागितला नाही. आधी सगळ्यात मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले, आणि मग शेजारच्या घरी सूप मागायला गेले.